मैदान सर्वांचे: महाविद्यालयीन खेळ आणि एलजीबीटी विद्यार्थी

महाविद्यालयाचे मैदान ही आपल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींसाठी केवळ खेळायची जागा नसते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ट्रॅकसूट मिळतो, प्रवास घडतो, चार माणसांत ओळख होते. वरच्या पातळीवर पदक मिळाले तर राज्य शासनाच्या नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा मार्ग मोकळा होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही पहाटे त्याच मैदानावर १६०० मीटर धावत असतात. म्हणूनच मैदानावरून एखाद्याला हुसकावले की त्याचा खेळ तर जातोच, पण पुढची वाटही बंद होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात येणारी एक मुलगी तिच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघात होती. चढाईत तरबेज, केस बारीक कापलेले, बोलणे रोखठोक. संघातल्याच एका मुलीशी तिची जवळीक आहे, अशी कुजबुज सुरू झाली. स्पर्धेच्या गावी मुक्कामाला गेल्यावर तिच्या शेजारी गादी टाकायला कोणी तयार होईना. सरांनी तिला काही विचारले नाही. पुढच्या निवडीत नाव मात्र वगळले. कारण विचारल्यावर "टीमचे वातावरण बिघडते" एवढेच उत्तर मिळाले. घरी सांगायची सोय नव्हती, कारण संघातून का काढले तेही सांगावे लागले असते. तिने तक्रार केली नाही. आम्हीही तेव्हा तिला "सोड आता, अभ्यासाकडे लक्ष दे" असाच सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा होता. त्या वेळी आम्हाला जे माहीत असायला हवे होते, ते इथे एकत्र मांडत आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

एलजीबीटी या शब्दात चार गट येतात. स्त्रीबद्दल आकर्षण वाटणारी स्त्री म्हणजे लेस्बियन. पुरुषाबद्दल आकर्षण वाटणारा पुरुष म्हणजे गे. स्त्री व पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटू शकते ती व्यक्ती बायसेक्शुअल. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख ज्यांची जुळत नाही त्या व्यक्ती ट्रान्सजेंडर, म्हणजेच पारलिंगी. पहिल्या तिन्हींचा संबंध आकर्षणाशी आहे, चौथ्याचा स्वतःच्या ओळखीशी.

याशिवाय इंटरसेक्स हा शब्द खेळाच्या चर्चेत वारंवार येतो. काही व्यक्तींच्या शरीराची ठेवण, संप्रेरके किंवा गुणसूत्रे जन्मतःच स्त्री वा पुरुष या ठरलेल्या चौकटीत पूर्ण बसत नाहीत. त्यातल्या अनेकांना हे मोठे होईपर्यंत माहीतही नसते. इंटरसेक्स असणे आणि पारलिंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांची सरमिसळ केल्यामुळे अनेक खेळाडूंची विनाकारण बदनामी झाली आहे.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मैदानावर त्रास होण्यासाठी माणूस खरोखर एलजीबीटी असावाच लागतो असे नाही, नुसता संशयही पुरतो. हळू बोलणारा मुलगा, दणकट बांध्याची मुलगी, लग्नाचा विषय टाळणारा खेळाडू यांच्यावर शिक्का बसायला वेळ लागत नाही.

पेन स्टेट: नियम कागदावर, सत्ता प्रशिक्षकाकडे

महाविद्यालयीन खेळातील या प्रश्नाची सर्वांत जास्त चर्चा अमेरिकेत झाली, कारण तिथे विद्यापीठांचे संघ हा मोठा व्यवसाय आहे. खेळाच्या शिष्यवृत्तीवर हजारो गरीब व कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतात. त्यातले एक प्रकरण आपण नीट समजून घ्यावे असे आहे.

पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक रेने पोर्टलंड १९८० पासून त्या पदावर होत्या. संघाने त्यांच्या हाताखाली ६०० हून अधिक सामने जिंकले. आपल्या संघात लेस्बियन खेळाडू चालणार नाहीत, ही भूमिका त्यांनी लपवली नव्हती. १९८६ मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी ती उघडपणे मांडली होती. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, लेस्बियन नाहीत, असे त्यांचे तीन नियम खेळाडूंना तोंडपाठ होते. १९९१ मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात लैंगिक कलाचा समावेश केला. धोरण बदलले, पण प्रशिक्षक त्याच राहिल्या आणि खेळाडू निवडण्याची व काढण्याची त्यांची मुभाही तशीच राहिली.

१४ वर्षांनी, मार्च २००५ मध्ये, जेनिफर हॅरिस या कृष्णवर्णीय खेळाडूला संघातून काढण्यात आले. तिने डिसेंबर २००५ मध्ये संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. आपण लेस्बियन आहोत असा प्रशिक्षकांचा समज होता, त्यावरून आपला छळ झाला, अधिक "बायकी" दिसण्यासाठी कपडे आणि केसांची ठेवण बदलण्याचा दबाव आणला गेला, आणि यात वर्णभेदही होता, असे तिचे म्हणणे होते. हॅरिस लेस्बियन नव्हती. तरीही तिला किंमत मोजावी लागली.

विद्यापीठाने स्वतः चौकशी केली. एप्रिल २००६ मध्ये निष्कर्ष आला की पोर्टलंड यांनी खेळाडूच्या समजल्या गेलेल्या लैंगिक कलावरून वैरभावाचे आणि धाक घालणारे वातावरण निर्माण केले होते. वर्णभेदाचा आरोप मात्र चौकशीने मान्य केला नाही. पोर्टलंड यांना १० हजार डॉलर दंड झाला, प्रशिक्षण घेण्यास सांगितले गेले आणि पुन्हा असे घडले तर पद जाईल अशी ताकीद मिळाली. त्यांनी निष्कर्ष नाकारले. फेब्रुवारी २००७ मध्ये दावा तडजोडीने मिटला आणि मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. हॅरिस तोपर्यंत दुसऱ्या विद्यापीठात गेली होती.

या प्रकरणातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, धोरणात एक ओळ घातल्याने मैदान सुरक्षित होत नाही. निवड कोण करते, कशावरून करते आणि त्याला जाब कोण विचारते, यावर सुरक्षितता ठरते. दुसरी, जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला संस्था हात लावत नाही. पोर्टलंड यांची भूमिका वीस वर्षे सर्वांना माहीत होती. तिसरी, हॅरिसला जे सोसावे लागले त्यात वर्ण आणि लिंग यांची गुंफण होती. चौकशीने ते दोन वेगळ्या रकान्यांत टाकले आणि एक रकाना रिकामा ठरवला. जातीच्या तक्रारींचे असेच तुकडे होताना आपण पाहिले आहेत.

मिझुरी: संघाने ठरवले तर

उलट अनुभवही आहे. मिझुरी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू मायकल सॅम याने ऑगस्ट २०१३ मध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, आपण गे आहोत हे संपूर्ण संघाला सांगितले. संघात शंभरेक मुले होती. ती बातमी संघाने बाहेर जाऊ दिली नाही. केव्हा आणि कोणाला सांगायचे हा हक्क सॅमचा होता, तो सगळ्यांनी जपला. त्या हंगामात संघाने १४ पैकी १२ सामने जिंकले आणि सॅम आपल्या विभागातील सर्वोत्तम बचाव खेळाडूंच्या सन्मानाचा मानकरी ठरला. "असा मुलगा असला की टीम फुटते" म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितल्यावर एक कट्टर धार्मिक गट निदर्शने करायला विद्यापीठात आला. तेव्हा विद्यार्थ्यांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. मात्र याला मर्यादाही होती. व्यावसायिक संघाने सॅमला निवडले, पण हंगाम सुरू होण्याआधीच वगळले. महाविद्यालयाने दिलेली साथ बाहेरच्या जगात आपोआप मिळत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळाडू डेरिक गॉर्डन याने आपली ओळख जाहीर केली. त्याआधी संघातली मुले त्याला चिडवायची. सगळे अंघोळ करून गेल्यावरच तो आत जायचा, असे त्याने सांगितले आहे. मारहाण झाली नाही, निलंबन झाले नाही, तरी तो रोज एकटा पडत होता. महाविद्यालयात त्रास बहुतेक वेळा याच रूपात येतो. त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

शांती आणि द्युती: फरक कशाने पडला

आता आपल्या देशाकडे येऊ. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील शांती सौंदराजन ही दलित कुटुंबातली धावपटू. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करायचे. डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकले. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली. चाचणीचा निकाल तिला नीट समजावून सांगण्याआधीच तो जगभर जाहीर झाला आणि पदक काढून घेण्यात आले. तिने कोणतीही फसवणूक केली नव्हती. ती जन्मापासून मुलगी म्हणून वाढली होती आणि मुलगी म्हणूनच धावली होती. क्रीडा संघटनेतले कोणीही तिच्या बाजूने अपिलाला उभे राहिले नाही. पुढच्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. नंतरच्या काळात ती पुन्हा वीटभट्टीवर रोजंदारी करताना दिसली. पुढे तिने प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले आणि तामिळनाडू शासनाच्या क्रीडा विभागात प्रशिक्षक झाली. २०१६ मध्ये तिने राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही दाद मागितली.

ओडिशातील विणकर कुटुंबातल्या द्युती चंदवर जुलै २०१४ मध्ये जवळपास तशीच वेळ आली. शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण नैसर्गिकरीत्याच जास्त असल्यामुळे तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. मात्र या वेळी ती एकटी नव्हती. संशोधक पायोष्णी मित्रा यांच्यासारखे लोक तिच्यासोबत उभे राहिले, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने अपिलाला पाठबळ दिले आणि प्रकरण स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे गेले. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. द्युती पुन्हा धावू लागली.

मे २०१९ मध्ये आपले एका मुलीवर प्रेम आहे, हे तिने जाहीरपणे सांगितले. घरातून विरोध झाला, गावात बोलले गेले. पण दोनच महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, इटलीतील नेपल्स येथे झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत तिने १०० मीटर शर्यत ११.३२ सेकंदांत जिंकली. भुवनेश्वरच्या ज्या विद्यापीठात ती होती, ते तिच्या मागे राहिले. २०२० च्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही त्याच विद्यापीठाकडून खेळताना तिने १०० मीटरचे सुवर्ण मिळवले. नंतर २०२३ मध्ये उत्तेजक पदार्थांच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली. त्या प्रकरणाचा तिच्या प्रेमाशी किंवा शरीराच्या जन्मजात ठेवणीशी संबंध नाही. तो जोडण्याचा प्रयत्न कोणी केला तर आपण तो खोडून काढावा.

शांती आणि द्युती यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. दोघी गरीब घरच्या, दोघी खेड्यातल्या. एकीच्या बाजूला कोणीच नव्हते, दुसरीच्या बाजूला माणसे, संस्था आणि कायद्याची माहिती होती. फरक पडला तो साथ देणाऱ्यांमुळे. कार्यकर्त्याचे काम नेमके इथे सुरू होते.

"आधी आपले प्रश्न सुटू देत"

हा विषय काढला की आपल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, "आपल्यापुढे शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे, अत्याचार आहेत. हे शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रश्न कशाला?" या म्हणण्यातली तळमळ आम्ही समजू शकतो. पण त्यामागची समजूत बरोबर नाही. शांती सौंदराजन कोणत्या घरातून आली होती ते वर लिहिले आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाला एका महाविद्यालयात त्रास झाला तर तो दुसरीकडे प्रवेश घेतो, खासगी अकादमी गाठतो, वकील करतो. वस्तीतल्या मुलाकडे एकच महाविद्यालय, एकच मैदान आणि एकच सर असतात. ते गेले की सगळेच जाते. म्हणून हा प्रश्न आधी आपल्या मुलांचा आहे.

दुसरा आक्षेप असतो, "आमच्या कॉलेजात असे कोणी नाही." असे कोणी नाही हे आपल्याला कसे कळणार? जिथे सांगितल्यावर संघातून नाव जाते, तिथे कोणीही सांगत नाही.

पारलिंगी खेळाडूंचा वाद

लेस्बियन, गे आणि बायसेक्शुअल खेळाडूंच्या बाबतीत स्पर्धेच्या नियमांचा काही प्रश्नच येत नाही. कोणावर प्रेम करतो याने धावण्याचा वेग बदलत नाही. पारलिंगी महिलांच्या बाबतीत मात्र खरा मतभेद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराला उंची, हाडे आणि स्नायूंचा फायदा राहतो, त्यामुळे महिला गटातील स्पर्धा न्याय्य राहत नाही, असे एक बाजू म्हणते. संप्रेरक उपचारांनी हा फरक कमी होतो, प्रत्येक खेळात तो सारखा नसतो आणि सरसकट बंदीने माणसेच बाहेर फेकली जातात, असे दुसरी बाजू म्हणते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए हिने २०११ मध्ये ठराविक काळ उपचार घेतलेल्या पारलिंगी महिलांना महिला संघात खेळण्याची मुभा दिली होती. २०२२ मध्ये हा निर्णय प्रत्येक खेळाच्या संघटनेच्या नियमांवर सोपवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर लगेच महिला गटातील स्पर्धा जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्यांपुरती मर्यादित केली. संघाबरोबर सराव करण्याची आणि वैद्यकीय सुविधांची मुभा मात्र ठेवली. त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, संघटनेच्या अध्यक्षांनी संसदेच्या समितीपुढे सांगितले होते की सुमारे ५ लाख १० हजार विद्यार्थी खेळाडूंमध्ये पारलिंगी खेळाडू १० पेक्षा कमी असल्याचे त्यांना माहीत आहे. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनेही २०२३ मध्ये पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या पारलिंगी महिलांना महिला गटातून वगळले आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक पातळीवरील महिला गटासाठी एकदा जनुकीय चाचणी सक्तीची केली.

आपल्यासाठी यातला मुद्दा वेगळा आहे. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोण धावावे यावर तज्ज्ञ वाद घालत राहतील. पण त्या वादाचा आधार घेऊन एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीच्या अंगाकडे बोट दाखवून "ही मुलगी आहे का ते बघा" असे म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. सराव, व्यायाम, महाविद्यालयातल्या आपापसातल्या स्पर्धा, मिश्र संघांचे खेळ यांतून पारलिंगी विद्यार्थ्याला बाहेर ठेवण्याचे तर काहीच कारण नाही.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो

आपल्या हातात साधने आहेत, पण ती बहुतेक विद्यार्थ्यांना आणि क्रीडा शिक्षकांना माहीत नाहीत.

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. म्हणजे एखादा विद्यार्थी गे आहे म्हणून त्याला "बेकायदेशीर" ठरवून धमकावणे हीच आता चूक आहे.

पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ मधील कलम १३ तर थेट मैदानाबद्दल बोलते. शासनाकडून निधी किंवा मान्यता मिळालेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी व्यक्तींना समावेशक शिक्षण आणि खेळ, करमणूक व विरंगुळ्याच्या संधी भेदभावाशिवाय, इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, असे ते सांगते. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. आपल्या महाविद्यालयात हा अधिकारी कोण आहे, हा एक साधा प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारून पाहावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात जात, धर्म, वर्ण यांच्याबरोबर लिंग, पारलिंगी ओळख आणि लैंगिक कल यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही रॅगिंगमध्ये धरला गेला. चिडवणे आणि वाळीत टाकणे हेही त्यात येते. रॅगिंग फक्त वसतिगृहात आणि फक्त नव्या विद्यार्थ्यांचे होते असे नाही. प्रवासात, मुक्कामात, जिमखान्यात जुन्या खेळाडूचा छळ झाला तरी हा नियम लागू होतो. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळाबाबत आयोगाचे जे नियम आहेत, तेही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थी बळी ठरू शकतात हे मान्य करतात. त्यामुळे अंतर्गत तक्रार समितीकडेही जाता येते.

पोलीस भरतीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी पर्याय ठेवावा, असा आदेश नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जात पर्याय देण्यास आणि फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत त्यांच्या शारीरिक चाचणीचे नियम तयार करण्यास सांगितले. दाद मागितली म्हणून मैदानाचे दार उघडले.

महाविद्यालयात काय करता येईल

पुढच्या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. विद्यार्थी संघटना, माजी खेळाडू आणि शारीरिक शिक्षण संचालक एकत्र बसले तर एका सत्रात त्या सुरू होऊ शकतात.

१. निवड चाचणीचे निकष लेखी असावेत. धावण्याची वेळ, उडीचे अंतर, सामन्यातील गुण फलकावर लावावेत. निवड एकट्या व्यक्तीने न करता किमान तिघांनी करावी आणि त्यातला एक बाहेरचा असावा. एखाद्याला वगळले तर कारण लेखी द्यावे. "वातावरण बिघडते" हे कारण चालणार नाही, असे आधीच ठरवावे. जातीवरून होणाऱ्या भेदभावालाही याच उपायाने आळा बसतो.

२. भाषेला पहिल्याच दिवशी लगाम घालावा. "बायल्या", "छक्का" असले शब्द मैदानावर शिवी म्हणून सर्रास वापरले जातात. "बांगड्या भर" हेही त्यातलेच. प्रशिक्षकाने पहिल्यांदा ऐकल्यावर तिथल्या तिथे थांबवले तर पुढचे बरेच काही टळते. प्रशिक्षक स्वतःच असे बोलत असतील तर कर्णधाराने त्यांच्याशी बोलावे आणि फरक पडला नाही तर प्राचार्यांकडे जावे.

३. कपडे बदलायला आणि अंघोळीला आतून कडी लागणारी किमान एक खोली सर्वांसाठी खुली ठेवावी. तिच्यावर कोणत्याही गटाचे नाव लावू नये. नाव लावले की आत जाणाऱ्यावर शिक्का बसतो.

४. बाहेरगावच्या मुक्कामाची व्यवस्था आधी ठरवावी. कोण कोणाबरोबर राहणार हे खेळाडूंना खासगीत विचारावे. झोपलेल्या किंवा कपडे बदलणाऱ्या खेळाडूचे फोटो काढून ग्रुपवर टाकणे हा गंभीर गुन्हा समजावा. संघासोबत जबाबदार महिला शिक्षक असावी.

५. गणवेशात निवड असावी. शॉर्ट्स, ट्रॅक पँट, लांब बाह्यांचा टी-शर्ट यांतून खेळाच्या नियमांत बसेल ते घालू द्यावे. केस किती लांब ठेवावेत हे खेळाडूवर सोडावे.

६. कोणाच्याही शरीराची तपासणी महाविद्यालयात करू नये. प्रतिस्पर्धी संघाने आक्षेप घेतला तर तो लेखी घ्यावा, सामना थांबवून खेळाडूला सर्वांसमोर उभे करू नये आणि तिला एकटीला कोणाबरोबर खोलीत पाठवू नये.

७. गुप्तता पाळावी. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याला विश्वासाने सांगितले तर ते दुसऱ्याला, मित्राला, संघटनेतील वरिष्ठांना किंवा घरी सांगायचे नाही. "तुझ्या घरी कळवतो" ही धमकी अनेकांचे शिक्षण बंद पाडते. मुलींच्या बाबतीत घाईचे लग्न लावले जाते. चांगल्या हेतूने सांगितले तरी परिणाम तोच होतो.

८. तक्रार करायची की नाही हे त्या विद्यार्थ्याने ठरवावे. आपले काम मार्ग सांगण्याचे आणि सोबत जाण्याचे आहे. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार यांची नोंद लगेच करून ठेवावी, मेसेज जपून ठेवावेत, अर्जाची पोच घ्यावी. आंदोलनाची घाई करून त्याचे नाव फलकावर आणू नये.

९. वार्षिक स्नेहसंमेलनातील खेळांत मिश्र संघांच्या स्पर्धा ठेवाव्यात. मिश्र रिले, मिश्र खो-खो, बॅडमिंटन दुहेरी यांत "मुलगा की मुलगी" हा प्रश्न मागे पडतो आणि नवीन मुलेही मैदानावर येतात.

१०. मानसिक आधाराची सोय असावी. खेळाडू अचानक सराव सोडतो, एकटा राहतो, जीव नकोसा झाल्याचे बोलतो, तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नये. केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

शेवटी

सार्वजनिक जागेवर सर्वांचा हक्क असतो आणि तो मागून मिळत नाही तेव्हा उभे राहून घ्यावा लागतो, हे आपल्या तरुणांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मैदान ही तशीच जागा आहे. तिथे आपल्या बाजूने कोणी बोलावे असे आपल्याला वाटत आले. आता आपल्या शेजारी सराव करणाऱ्या, पण आपल्यासारख्या नसलेल्या मुलासाठी आपण बोलतो का, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या अभ्यासवर्गातली ती मुलगी पुढे पदवीधर झाली, नोकरीला लागली. कबड्डी मात्र कायमची सुटली. आज ती आमच्याकडे आली असती तर आम्ही तिला निवडीचे कारण लेखी मागायला सांगितले असते, रॅगिंगविरोधी समितीचा अर्ज तिच्यासोबत बसून लिहिला असता आणि तिने होकार दिला असता तर प्राचार्यांच्या दालनात तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो असतो. या सत्राच्या निवड चाचण्या सुरू होण्याआधी आपापल्या महाविद्यालयात निदान दोन गोष्टी कराव्यात. निवडीचे निकष फलकावर लावण्याची मागणी करावी आणि कलम ११ चा तक्रार अधिकारी कोण, हे लेखी विचारावे.